लेहमधला रिकामा दिवस



एप्रिल संपत आला की आपल्याकडे व्याख्यानमाला भरतात आणि घराघरांत बॅगाही भरायला लागतात. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मे-जूनची तिकिटं काढून झाली असतील. म्हणून ‘आरोग्य’ हा अवाढव्य विषय बाजूला ठेवून मी आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आयुष्य कोकणात किंवा दख्खनच्या पठारावर काढलेला माणूस सुट्टीत विमानाने एकदम साडेतीन हजार मीटर उंचीवर उतरतो, तेव्हा त्याच्या शरीरात काय घडतं, आणि त्याने तिथून धडधाकट परत यावं यासाठी आपण काय करू शकतो.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या मुलांना वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. मीही त्यांचा विद्यार्थी. नकाशावरच्या तपकिरी रंगावर पट्टी ठेवून त्या विचारायच्या, ‘इथे राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जात असेल?’ पुढे डॉक्टर झाल्यावर त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला श्वासात सापडलं.

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच आहे. महाराष्ट्रात त्याहून वर जमीन नाही. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर वसलेलं आहे. मुंबईहून निघालेलं विमान दिल्लीमार्गे सकाळीच आपल्याला तिथे सोडतं. हवेतलं प्राणवायूचं प्रमाण तिथेही इथल्याइतकंच, जवळपास २१ टक्के असतं. कमी असतो तो हवेचा दाब. समुद्रकाठच्या दाबाच्या साधारण दोन तृतीयांश. खारदुंग ला या खिंडीत, ५,३५९ मीटरवर, तो जेमतेम निम्मा उरतो. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासागणिक रक्तात उतरणारा प्राणवायू कमी.

शरीर हे लगेच ओळखतं. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या फाट्याशी काही सूक्ष्म पेशी असतात, त्या रक्तातल्या प्राणवायूवर पहारा ठेवतात. त्यांनी इशारा दिला की श्वास खोल आणि भराभर होतो. यात एक पेच येतो. जोराने श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडे झुकतं, आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत ही ओढाताण दिसते. श्वास काही सेकंद थांबतो, मग एक दीर्घ श्वास येतो, माणूस दचकून जागा होतो. शेजारी झोपलेल्याची तर गाळणच उडते. हा पेच सोडवतात मूत्रपिंडं. ती जादा अल्कली लघवीतून बाहेर टाकतात आणि श्वासाला पुन्हा मोकळीक मिळते. पण या कामाला दोन-तीन दिवस लागतात, कधी जास्तही. शरीर उंचीला रुळणं म्हणतात, त्याचा पहिला मोठा टप्पा हाच. तुम्ही रोज व्यायाम करता, पर्वती सहज चढता, तरी मूत्रपिंडं त्यामुळे लवकर काम उरकत नाहीत. किंबहुना तरुण, तगडी मुलंच अनेकदा जास्त आजारी पडतात, कारण पहिल्याच दिवशी ती पळायला लागतात.

हे ज्ञान आपल्या देशात फार मोठी किंमत देऊन आलेलं आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

गढवाल-कुमाऊंकडचे लोक पूर्वी अशा आजाराला विषारी हवा लागणं म्हणत. उंचावरच्या फुलांच्या वासाने डोकं धरतं, अशी समजूत होती. युरोपात १८७८ साली पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की मूळ कारण प्राणवायूचा कमी दाब हेच आहे. तरीही उंचावर एखाद्याच्या फुप्फुसात पाणी भरलं, तर डॉक्टर त्याला न्यूमोनियाच म्हणत. अमेरिकेतले डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी १९६० मध्ये लिहिलं की हा जंतूंचा आजार नव्हे, उंचीचा आहे.

मग १९६२चं युद्ध आलं. मैदानी प्रदेशातले हजारो जवान काही तासांत, काही दिवसांत हिमालयाच्या उंचीवर नेले गेले. रुळायला वेळ नव्हता. शत्रूच्या गोळीशिवायही माणसं कोसळत होती. लष्करातल्या डॉक्टरांनी त्या माणसांवर उपचार केले आणि बारकाईने नोंदी ठेवल्या. डॉ. मेनन यांनी लेहमधल्या १०१ रुग्णांचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला. डॉ. इंदरजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये मांडला. जगभर पर्वतावरच्या वैद्यकाची पुस्तकं आजही या कामाचा हवाला देतात. काश्मीरपासून अरुणाचलपर्यंतच्या कड्यांवर आपल्या पोरांनी सोसलं, त्यातून हे शास्त्र उभं राहिलं.

त्यातून लष्कराने शिस्त घालून घेतली. २,७०० ते ३,६०० मीटर उंचीवर जाणाऱ्या जवानाला सहा दिवस रुळायला दिले जातात. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चालणं, त्यानंतर थोडा चढ. ३,६०० मीटरच्या वर जायचं तर आणखी चार दिवस. ४,५०० मीटरच्या वर आणखी चार. हा नियम ज्याच्यासाठी आहे तो जवान विशी-पंचविशीतला असतो, वैद्यकीय तपासणीतून निवडलेला असतो.

आता आपल्या सहलीचं वेळापत्रक समोर ठेवा. सहा रात्री, सात दिवस. पहिला दिवस लेहमध्ये ‘आराम’. दुसऱ्या दिवशी संगम, मॅग्नेटिक हिल, गुरुद्वारा. तिसऱ्या दिवशी सकाळी खारदुंग ला. पाचव्या रात्री पँगाँग सरोवराकाठी, ४,२०० मीटरच्या वर, तंबूत मुक्काम. बसमध्ये बासष्ट वर्षांच्या मावशी असतात, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू असते. शेजारी त्यांचे यजमान, त्यांना मधुमेह.

१९६२च्या त्या युद्धाने आपल्याला दोन गोष्टी दिल्या. सीमेकडे जाणारे रस्ते दिले आणि उंचीचं शास्त्र दिलं. रस्ते आपण घेतले. १९७४ साली लडाख पर्यटकांना खुलं झालं, पुढे विमानं वाढली, ‘थ्री इडियट्स’ आल्यावर पँगाँग घराघरांत पोहोचलं. शास्त्र मात्र लष्कराच्या छावणीतच राहिलं. ते तिथून बाहेर काढून सहलीच्या पत्रकावर छापलं जावं, हे आज मला तळमळीने सांगायचं आहे.

केदारनाथाचंही तसंच. मोटारीचा रस्ता नव्हता तेव्हा यात्रेकरू ऋषिकेशहून पायी निघत. वाटेत ठराविक अंतरावर चट्ट्या असत. चट्टी म्हणजे मुक्कामाची जागा: शिधा, पाणी, पाठ टेकायला आडोसा. रोज एक-दोन चट्ट्या मागे टाकत माणूस हळूहळू वर सरके, आणि शरीर नकळत रुळत जाई. आज आपण हरिद्वारहून गाडीने दोन दिवसांत गौरीकुंडाला पोहोचतो, आणि दुसऱ्या पहाटे १६ किलोमीटरची चढण चालू करून त्याच दिवशी ३,५८३ मीटरवर दर्शनाच्या रांगेत उभे राहतो. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांत. वर उपास. दर्शन होईपर्यंत अन्न घ्यायचं नाही म्हणून सकाळची रक्तदाबाची गोळीही राहून जाते. अंगावर पावसाने भिजलेले कपडे. २०२२च्या हंगामात चारधाम यात्रेत शंभराहून अधिक यात्रेकरू तब्येतीच्या कारणांनी दगावले. भक्ती करावी, जरूर करावी. पण महादेवाने कोणालाही गोळी चुकवायला सांगितलेलं नाही, हे घरातल्या तरुणांनी आईवडिलांना प्रेमाने पटवून द्यावं. सोनप्रयाग किंवा गुप्तकाशीला एक मुक्काम वाढवावा. अमरनाथ यात्रेला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तेही केवळ सही-शिक्क्यासाठी घेऊ नये, डॉक्टरांसमोर शांतपणे बसून घ्यावं.

आता आजाराची लक्षणं. उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी डोकं दुखायला लागतं. अन्नावरची वासना जाते, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, झोप लागत नाही. प्रवासाचा शीण, विमानतळावरचा वडा, थंडी, पित्त, या सगळ्यांनीही असंच होतं. आणि नेमकी इथेच फसगत होते. नियम असा ठेवावा: उंचीवर गेल्यावर डोकं दुखलं तर ते उंचीमुळेच दुखतंय असं धरून चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. अशा वेळी आहे तिथेच थांबायचं. आणखी वर जायचं नाही. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं.

पण दोन अवस्था अशा आहेत की त्यांत थांबून चालत नाही. पहिली फुप्फुसांची. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वाढतो आणि पाणी झिरपून हवेच्या पिशव्यांत उतरतं. बहुधा दुसऱ्या रात्रीपासून हे सुरू होतं. कोरडा खोकला येतो, आणि स्वस्थ बसलेल्या माणसालाही धाप लागते. बसल्या जागी लागणारी धाप ही सर्वांत मोठी खूण. दुसरी अवस्था मेंदूला सूज येण्याची. माणूस असंबद्ध बोलतो, चिडचिडा किंवा सुस्त होतो, त्याचा तोल जातो. त्याला सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालायला सांगा. झोकांड्या गेल्या तर सकाळची वाट बघू नका. प्राणवायू लावा, डॉक्टरांना गाठा आणि त्याला खाली न्या. या दोन्ही अवस्थांवरचा खरा उपचार खाली उतरणं हाच.

गोळीबद्दल सगळे विचारतात. ॲसेटाझोलामाइड नावाची गोळी मूत्रपिंडांचं ते रुळण्याचं काम लवकर करवते. नेहमीची मात्रा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ती चालत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. लडाखला विमानाने उतरणाऱ्याने तरी हा विचार अवश्य करावा. कापराची पुरचुंडी हुंगल्याने नाकाला मोकळं वाटतं, रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. प्राणवायूचा लहान डबा काही मिनिटांपुरता पुरतो. बरं वाटलं म्हणून त्याच्या भरवशावर माणूस पुढच्या खिंडीकडे निघाला, तर तो डबा घातकच ठरतो. झोपेची गोळी आणि दारू पहिल्या रात्री तरी नको, दोन्ही श्वास मंदावतात. करोनाच्या काळात घेतलेलं, रक्तातला प्राणवायू मोजणारं बोटाचं यंत्र अनेक जण बरोबर नेतात. तिथे ८५ ते ९०च्या आसपास आकडा दिसला की घाबरगुंडी उडते, कारण ९४ हा आकडा डोक्यात पक्का बसला आहे. लेहमध्ये पहिल्या दिवसांत एवढा आकडा अनेकांचा असतो. आकड्याच्या आधी माणसाकडे बघा. तो जेवतोय का, नीट बोलतोय का, जिना चढून आल्यावर त्याची धाप बसतेय का.

मित्रहो, हे सगळं माहीत असूनही माणसं आजारी पडतात. त्याचं कारण मला माझ्या दवाखान्यात कळलं. सहलीहून परतलेल्या एक बाई नंतर तपासायला आल्या होत्या. त्यांना लेहला पहिल्याच संध्याकाळी डोकेदुखी सुरू झाली होती. रात्री त्या जेवल्या नाहीत, ‘भूक नाही’ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बसमध्ये डोळे मिटून बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी खारदुंग लावर फोटोसाठी सगळ्यांबरोबर उभ्या राहिल्या आणि तिथेच कोसळल्या. सुदैवाने नुब्रा खोऱ्यात उतरल्यावर आणि वेळेवर प्राणवायू मिळाल्यामुळे त्या सावरल्या. मी विचारलं, पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, ‘एवढे पैसे भरून मुलाने पाठवलं. सगळे आनंदात होते. माझ्यामुळे कोणाचा विरस नको.’

ही भीड आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे, बायकांच्या तर फारच. लांबच्या बसप्रवासात आपल्या बायका पाणीच पीत नाहीत. वाटेत स्वच्छतागृह नसेल, असेल तर घाण असेल, गाडी थांबवा म्हणायचा संकोच. चार-सहा तास घसा कोरडा ठेवून बसतात. घरी आल्यावर लघवीची जळजळ, ताप. पायांतलं रक्त साकळण्याची शक्यता चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासानंतर साधारण दुपटीने वाढते, आणि तहानलेल्या, न हललेल्या शरीराला तो धोका नको असेल तर दर दोन तासांनी गाडी थांबलीच पाहिजे. टूर मॅनेजरने निघतानाच जाहीर करावं की गाडी दर दोन तासांनी थांबणार आहे, कोणी मागणी करो वा न करो. मागावं न लागणं, यात बाईची प्रकृती सांभाळली जाते.

उंचीवरही हाच उपाय. कोणी सांगेल याची वाट बघू नका, रोज संध्याकाळी एकेकाला विचारा. डोकं दुखतंय का? जेवलात का? रात्री झोप लागली का? गटात कोणालाही ‘हो, दुखतंय’ म्हणताना अपराधी वाटू नये असं वातावरण करणं, ही सहल नेणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. नवरा-बायकोने एकमेकांना विचारावं. मुलांनी फोनवर ‘मजा येतेय ना?’ एवढंच विचारण्याऐवजी ‘काल रात्री जेवलीस का, आई?’ असं विचारावं.

आणि वेळापत्रक बदलावं. लेहमधला पहिला दिवस कागदावर रिकामा असतो, प्रत्यक्षात कधीच नसतो. ‘जरा बाजारात चक्कर मारू’, ‘शांती स्तूप जवळच आहे’, मग त्याच्या शेकडो पायऱ्या. तो दिवस खरोखर रिकामा हवा, आणि एक नव्हे, दोन. खोलीत पडून राहा, चहा प्या, खिडकीतून स्तोक कांगरीची रांग बघा, पुस्तक वाचा. दोन दिवसांचे पैसे फुकट गेले असं मानू नका. जमत असेल तर विमानाने न जाता श्रीनगरहून रस्त्याने जा. कारगिलला २,७०० मीटरच्या आसपास एक मुक्काम होतो आणि शरीराला दोन दिवस मिळतात. मनालीकडून मात्र सरचूला ४,२०० मीटरच्या वर रात्र काढावी लागते, तो रस्ता जाताना टाळावा. विमानानेच जायचं तर उतरल्यावर लेहमध्ये न राहता सिंधूच्या काठाने खाली आल्चीला जाता येतं. ते ३,१०० मीटरच्या आसपास आहे, आणि तिथल्या जुन्या मठातली भित्तिचित्रं बघायला दोन दिवस अपुरेच पडतात. पहिले दोन मुक्काम तिथे, मग लेह, मग नुब्रा. नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, म्हणजे खिंड ओलांडली तरी झोप कमी उंचीवर होते. आणि झोप कुठे घेता, तेच शरीर मोजतं. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, हा सर्वमान्य नियम आहे.

पँगाँगबद्दल एक गोष्ट सहलीच्या पत्रकात कधीच नसते. तिथे रात्री कोणाची प्रकृती बिघडली, तर लेहकडे जाणारा नेहमीचा रस्ता वाटेत आणखी वर चढतो. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर, आणि वाटेतला चांग ला साडेपाच हजार मीटरच्या जरा अलीकडे. फुप्फुसात पाणी भरलेल्या माणसाला त्या खिंडीवरून न्यावं लागतं. म्हणून ज्याचं आदल्या संध्याकाळी डोकं दुखत होतं, त्याने पँगाँगला मुक्कामाला जायचंच नाही. गेलात तर ड्रायव्हरला आधीच विचारून ठेवा, गाडीत प्राणवायूचा मोठा सिलिंडर आहे का, तांगत्सेचं आरोग्य केंद्र किती अंतरावर, आणि गरज पडली तर श्योक नदीच्या काठाने नुब्राकडे उतरणारा रस्ता सध्या चालू आहे का.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक वाक्य: ते विमानात सामानाच्या बॅगेत टाकू नका आणि पँगाँगच्या तंबूत रात्री उघड्यावर ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. ते अंगाजवळ, कपड्यांत ठेवा.

मघाशी समोरून एक चिठ्ठी आली आहे. कोणी तरी विचारलंय, चार वर्षांच्या नातवाला लेहला न्यावं का? नेता येतं. पण त्याला ‘डोकं दुखतंय’ हे नीट सांगता येत नाही, हे लक्षात ठेवून न्यावं. तो किरकिर करायला लागला, खेळणं सोडलं, खाऊ नको म्हणाला, ओकला, तर हट्ट करतोय, दमलाय असं समजू नका. ती उंचीच, असं धरून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना हे रोजचं आहे. सर्दी-खोकला झालेला असेल तर जाणं पुढे ढकला. आणि त्याच्यासाठी तरी आल्चीचे दोन मुक्काम आधी ठेवा, त्याला तिथे जर्दाळूच्या बागांतून हुंदडायला मिळेल.

आणखी चिठ्ठ्या असतील तर पाठवा, मी थांबलो आहे.